सोर्समीटरमधली स्क्रिप्ट खरोखर कशी पुसायची

किथ्लीच्या २६००-बी मालिकेतलं सोर्समीटर (व्होल्टेज किंवा करंट देणारं आणि मोजणारं यंत्र) संगणकाला जोडलेलं आहे आणि लुआमध्ये, म्हणजे या यंत्राच्या स्क्रिप्टच्या भाषेत, चार ओळी लिहिता येतात, एवढं धरून चालतो. कमांड लहान अक्षरांतच लिहा, लुआला लहान-मोठ्या अक्षरांतला फरक कळतो.

स्क्रिप्ट चढवणं सोपं. ‘लोडस्क्रिप्ट’ आणि नाव, मग तुमच्या ओळी, शेवटी ‘एंडस्क्रिप्ट’. हा शेवटचा शब्द राहिला तर यंत्र पुढची प्रत्येक कमांड स्क्रिप्टचाच भाग समजून गिळत राहतं, आणि तुम्ही केबल तपासत बसता. नाव द्याच, बिननावी स्क्रिप्ट पुढची बिननावी आली की जाते.

चालवायला नावापुढे रिकामा कंस. ठेवायची असेल तर ‘सेव्ह’.

आता पुसणं. मेमरी भरली की जुन्या स्क्रिप्ट डिलीट करा, असं जो तो सांगतो. हा सल्ला अर्धवट आहे आणि त्यापायी माझे दोन दिवस गेले. सेव्ह केलेल्या स्क्रिप्टच्या दोन प्रती असतात: एक कायम मेमरीत, दुसरी चालू मेमरीत. ‘डिलीट’ फक्त कायम प्रत पुसतं. मी एक जुनी स्वीप स्क्रिप्ट (व्होल्टेज पायरीपायरीने बदलत मोजणारी) डिलीट केली, कॅटलॉगमध्ये, म्हणजे कायम मेमरीतल्या स्क्रिप्टच्या यादीत, नाव उरलं नाही हे पाहिलं आणि ‘मेमइन्फो’ छापून घेतलं. ही कमांड मोकळी आणि एकूण मेमरी किलोबाइटमध्ये देते. मोकळ्याचा आकडा होता तिथेच. वर स्क्रिप्टचं नाव टाकून कंस दिला, तर ती मजेत चालली!

पुढच्या स्क्रिप्टला उलटं केलं. डिलीट न करता नुसतं नावाला ‘निल’, म्हणजे लुआतलं ‘काहीच नाही’, दिलं. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केलं तर बाईसाहेब परत हजर, कारण सुरू होताना कायम मेमरीतल्या नाव असलेल्या सगळ्या स्क्रिप्ट चालू मेमरीत भरल्या जातात.

तेव्हा आधी डिलीट, मग नावाला निल, मग ‘स्क्रिप्ट.यूजर.स्क्रिप्ट्स’ या चालू मेमरीतल्या यादीत तिच्या ‘नेम’ला रिकामी स्ट्रिंग, मग ‘कलेक्टगार्बेज’. शेवटची पायरी गाळून लगेच आकडा बघू नका. निल दिल्याने फक्त नाव सुटतं. जागा कचरा गोळा झाल्यावरच मोकळी होते. मात्र मोजमापाच्या लूपमध्ये ही कमांड घालू नका, वेळेचं गणित बिघडतं.

एवढं करूनही आकडा हलत नसेल, तर स्क्रिप्टने मागे काय सोडलंय ते बघा. स्क्रिप्ट एकदा चालली की तिच्यातली ग्लोबल फंक्शनं आणि व्हेरिएबलं चालू मेमरीत राहतात. स्क्रिप्ट गेली तरी ती जात नाहीत. ‘मेकबफर’ने केलेले बफर (मोजलेले आकडे साठवायच्या जागा) तर सगळ्यात खादाड. त्या प्रत्येकाला वेगळं निल द्यावं लागतं. म्हणून मी फंक्शनच्या आत ‘लोकल’ लिहिल्याशिवाय एकही व्हेरिएबल तयार करत नाही. यंत्र बंद-चालू केलं की हे सगळं साफ होतं खरं, पण मोजणी चालू असताना ते कसं करणार?

व्हेरिएबलला स्क्रिप्टचंच नाव देऊ नका, मग त्या नावाने स्क्रिप्ट चालत नाही. सेव्ह केलेली असेल तर ‘रिस्टोर’ने परत येते.

‘ऑटोएक्झेक’ नावाची स्क्रिप्ट यंत्र सुरू होताच आपोआप चालते. माझ्या ऑटोएक्झेकमध्ये आउटपुट चालू करणारी ओळ राहून गेली होती. सकाळी बटण दाबलं तेव्हा प्रोब माझ्या हातात होते. पाचच व्होल्ट होते म्हणून निभावलं. आता माझी ऑटोएक्झेक डिस्प्लेवर एक ओळ दाखवते आणि थांबते.