कढीपत्त्याचं पान थेट मास स्पेक्ट्रोमीटरपुढे

मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र. त्यासाठी मंडईतून आणलेला कढीपत्ता वाटायचा नाही, गाळायचा नाही. पान पुसून काचपट्टीवर दुहेरी चिकटपट्टीने बसवायचं. पण ताजंच हवं. आमचा लेझर २९४० नॅनोमीटरचा. ही तरंगलांबी पाणी अधाशासारखं शोषतं आणि पेशीतलं पाणीच उसळून कण वर उडवतं. मे महिन्यात मी सकाळचं पान दुपारी लावलं, तोवर ते पार सुकलेलं. तासभर नुसती सपाट रेघ! आता देठ ओल्या कापसात गुंडाळून आणते.

पानाच्या वर इलेक्ट्रोस्प्रे, म्हणजे विद्युतभारित थेंबांचा बारीक फवारा: मिथेनॉल-पाणी निम्मंनिम्मं, ०.१ टक्का ॲसिटिक ॲसिड. उडालेले कण त्या विद्युतभारित थेंबांत मिसळले तरच आयन (विद्युतभारित रेणू) बनतात, म्हणून आधी स्प्रे स्थिर करा, मग लेझर. पान दीडेक सेंटीमीटर खाली ठेवा. फार जवळ नेलंत तर शिंतोडे थेट यंत्राच्या तोंडावर, इनलेटवर, मग बसा घासत.

आलेखात ३३२ या वस्तुमानाला शिखर आलं की महानिंबिन (कढीपत्त्यातलं एक रसायन) म्हणून नाचू नका. त्याच वस्तुमानाची भावंडं आहेत. आयनाचे तुकडे पाडून बघा.

किरण डोळ्यांना दिसत नाही. तीच तरंगलांबी अडवणारा चष्मा घाला. उन्हाचा गॉगल नाही चालत. हो, विचारलंय एकाने.