‘ठेवली’ म्हणजे ‘केप्ट’? इंग्रजी क्रियापदं निवडताना या चुका टाळा

कळंगुटच्या एका गेस्ट हाउसात रिसेप्शनजवळ बसलो होतो. एक पाहुणी सकाळी चेक-आउट करून फिरायला गेलेली, विमान रात्रीचं. संध्याकाळी येऊन तिनं बॅग मागितली, तेव्हा काउंटरवरचा पेडण्याचा पोरगा अदबीनं म्हणाला, ‘आय हॅव केप्ट युअर बॅग.’ बाईंचा चेहरा उतरला. त्याला म्हणायचं होतं, बॅग आत नीट ठेवलीय. तिला ऐकू आलं, बॅग आम्ही ठेवून घेतली!

चूक पोराची कमी, ‘ठेवणे’ची जास्त. आपण फळीवर भांडं ठेवतो, मासळी फ्रीजमध्ये ठेवतो आणि सुटे पैसेही ‘ठेव तुलाच’ म्हणतो. घरात कोकणी बोलत असाल तरी सुटका नाही, ‘दवर’ तेवढंच ऐसपैस. इंग्रजीत मात्र हातातली वस्तू खाली टेकवली की ‘पुट’, आणि ती तिथेच राहू दिली की ‘कीप’. ‘पुट द फिश इन द फ्रिज’ म्हणजे आत्ता नेऊन ठेव. ‘कीप द फिश इन द फ्रिज’ म्हणजे तिथेच असू दे, बाहेर काढू नको. त्या पोरानं ‘आय हॅव पुट युअर बॅग इन द ऑफिस’ म्हटलं असतं तर भागलं असतं.

पावसाळ्यातली हमखास चूक ‘विसरणे’ची. ‘आय फरगॉट माय अंब्रेला’ एवढंच म्हणा, बरोबर आहे. पण कुठे विसरलात ते सांगायचं असेल तर ‘लेफ्ट’ घ्या: ‘आय लेफ्ट माय अंब्रेला ऑन द बस.’ मग छत्री उसनी मागायची वेळ येते आणि लोक विचारतात, ‘कॅन आय लेंड युअर अंब्रेला?’ घेणारा ‘बॉरो’ करतो, देणारा ‘लेंड’. आपलं ‘उसनं’ दोन्हीकडे चालतं, म्हणून गल्लत.

‘से’ आणि ‘टेल’ अडलं तर एकच बघा: क्रियापदाच्या लगेच पुढे माणूस येतोय का? येत असेल तर ‘टेल’. ‘ही टोल्ड मी’ बरोबर, ‘ही सेड मी’ चूक. ‘से’च वापरायचं तर मध्ये ‘टू’ घाला. ‘टेल अ लाय’, ‘टेल द ट्रूथ’ यांत माणूस नसला तरी ‘टेल’च. भाषेला मात्र ‘स्पीक’: ‘आय स्पीक मराठी.’

‘सी’, ‘लुक’, ‘हिअर’, ‘लिसन’ यांना लोक उगाच घाबरतात. याची किल्ली मराठीतच आहे. दिसणं आणि ऐकू येणं आपोआप होतं, ते ‘सी’ आणि ‘हिअर’. बघणं आणि ऐकणं आपण मुद्दाम करतो, ते ‘लुक’ आणि ‘लिसन’. फेरीबोटीवरून फोन केलात आणि आवाज तुटतोय, तर ‘कॅन यू हिअर मी?’ विचारा. ‘आर यू लिसनिंग टू मी?’ विचारलंत तर समोरच्याला वाटेल तुम्ही रागावलात. हलतं-चालतं काही लक्ष देऊन पाहायचं असेल, फुटबॉलची मॅच म्हणा, तर ‘वॉच’. ‘लुक’च्या पुढे ‘अ‍ॅट’ आणि ‘लिसन’च्या पुढे ‘टू’ विसरू नका.

उलट ‘रीच’ला ‘टू’ नको. ‘आय रीच्ड मडगाव’ पुरे. ‘अराइव्ह’ घेतलंत तर गावाला ‘इन’, बस स्टँडला ‘अ‍ॅट’.

मोबाइल चोरीला गेला तर ‘स्टोलन’. ‘रॉब्ड’ माणूस होतो किंवा बँक, मोबाइल नव्हे. गल्फातल्या दादाला ‘तुझी आठवण येते’ लिहायचं तर ‘आय मिस यू’. ‘आय रिमेंबर यू’ वाचून त्याला वाटेल, मला विसरायला निघाले होते की काय!

राहिलं ‘करणे’. इथे नियम शोधत बसू नका. ‘मेक’ म्हणजे बनवणं हे गणित फोन कॉलपाशीच फसतं. जोडी सापडली की अख्खी वहीत उतरवा: मेक अ कॉल, मेक अ मिस्टेक, डू होमवर्क, डू मी अ फेवर.