भडका उडाल्यावर शिकवायला जाऊ नका: ११ ते १४ वयाच्या मुलांचे पालक हमखास करतात त्या चुका

आदळआपट करणारं, उलट बोलणारं किंवा दिवसचे दिवस खोलीत कोंडून घेणारं मूल घरात असलं की आई-वडील जिवाचं रान करतात. पण ही मेहनत बहुतेक घरांत चुकीच्या वेळी खर्ची पडते. भडका उडाला की सगळे बोलायला लागतात, आणि घर शांत असलं की "आत्ता बरा आहे, कशाला छेडायचं" म्हणून सगळे गप्प. नेमकं याच्या उलट व्हायला हवं.

भांडणाच्या ऐन भरात समजावणं

रागाच्या भरात मुलाच्या डोक्यात मुद्दा शिरत नाही, त्याला फक्त तुमचा आवाज आणि चेहरा कळतो. अशा वेळी दोन वाक्यं पुरतात: "तुला राग आलाय, दिसतंय मला. शांत झालास की बोलू." मग आवाज खाली आणि चार पावलं मागे. दार अडवू नका, हात धरू नका, मोबाइलवर शूटिंग करू नका. धाकट्या भावंडाला दुसऱ्या खोलीत न्या. ओरडणं थांबलं म्हणजे राग गेला असं नसतं, पुरतं निवायला अर्धा-पाऊण तासही लागतो. दहाव्या मिनिटाला "झालं का तुझं?" विचारलंत की दुसरा भडका ठरलेला.

कारण न शोधता शिक्षा ठरवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एक साधी वही घ्या आणि दोन आठवडे चारच गोष्टी लिहा: वेळ, आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा काय टळलं. नोंद अशी दिसते:

मंगळवार, संध्याकाळी ७.१०. कॉलेज रोडच्या क्लासहून आला. चप्पल काढतानाच गणिताचे मार्क विचारले. दप्तर भिरकावलं, दार आपटलं. ताट खोलीत नेऊन दिलं, अभ्यास राहिला.

अशा आठ-दहा नोंदी झाल्या की चित्र दिसतं. पोरगा उपाशी असतो, थकलेला असतो, प्रश्न दारातच येतो, आणि आरडाओरडा केला की अभ्यास टळतो. मग उपाय ओरडण्यावर नाही, ७.१० वर करायचा. आल्यावर आधी खायला द्या, अर्धा तास एकही प्रश्न नको, अभ्यास ८ वाजता फक्त २० मिनिटांचा. भडका उडाला तरी ती २० मिनिटं रद्द करू नका, शांत झाल्यावर करून घ्या. कारण आरडाओरड्याने काम टळतं हे मूल घरातच शिकतं, आणि घरातच ते मोडता येतं.

शिक्षा लागलीच तर ती छोटी आणि लगेचची असावी: उद्या संध्याकाळचा मोबाइल नाही, बस्. "महिनाभर बंद" तिसऱ्या दिवशी आजीच्या फोनवर सुटतं. आणि क्रिकेट, पोहणं, तबला यातलं जे एक चांगलं चाललंय ते शिक्षा म्हणून कधीही काढू नका.

नियम करून मध्येच सोडणं

समजा रात्री ९.३० ला सगळ्यांचे मोबाइल, आईबाबांचेही, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. पहिल्या आठवड्यात त्रास कमी न होता वाढतो. जुनी युक्ती चालत नाही म्हटल्यावर मूल तीच जोरात करून बघतं. इथेच घरचे घाबरतात आणि चौथ्या रात्री "आजच्या दिवस घे" होतं. त्यातून मूल शिकतं की चार दिवस ताणलं की मिळतं, आणि पुढच्या वेळी पाच दिवस ताणतं. म्हणून सुरुवातीला एकच नियम घ्या, पण तो आजी-आजोबांसह सगळ्यांनी पाळा.

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्यांच्या घरात "येऊ दे पप्पांना" फार ऐकू येतं. दुपारी घडलेल्याचा हिशोब रात्री मागितला की मुलाला तो अन्याय वाटतो, आणि वडील फक्त पोलीस उरतात. जे काय असेल ते तिथेच, जो घरात आहे त्याने मिटवावं. वडील आल्यावर तक्रारीआधी दिवसभरातली एक चांगली गोष्ट सांगावी.

सूचनांचंही तसंच. स्वयंपाकघरातून "ऊठ, आंघोळ कर, दप्तर भर" ओरडून काही होत नाही. जवळ जा, नाव घ्या, एकच काम सांगा, दहा सेकंद थांबा. झालं तर "हाक मारल्यावर लगेच उठलीस, बरं वाटलं" असं नेमकं बोला. नुसत्या शाब्बासकीपेक्षा हे टिकतं. चुलत भावाशी तुलना मात्र पूर्ण बंद. रोज १५ मिनिटं मार्कांचा विषय न काढता सोबत घालवा. समोरासमोर बसवून मुलं बोलत नाहीत, गाडीवर मागे बसून भाजी आणायला निघाली की बोलतात.

"नाटकं करतोय" म्हणून सोडून देणं

या वयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं. अभ्यासाच्या वेळीच भडकणाऱ्या मुलाला धड्याचं एक पान मोठ्याने वाचायला लावा. सहावी-सातवीतही अडखळत असेल तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणं-लिहिणं किंवा गणित जड जाण्याची, तपासणी करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती नोंदलेली आहे आणि दहावी-बारावीला जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. डोळे, कान, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या. १३ च्या पुढे ८ ते १० तास झोप लागते. सकाळची शाळा आणि साडेपाचला उठणं असेल तर रात्री साडेनऊला दिवा बंद हवा.

उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या, हातावर कापल्याच्या खुणा, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, "मी नसलेलंच बरं" असं बोलणं दिसलं तर सरळ विचारा: "मरून जावं असं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षमळ्यांच्या घरांत तर फवारणीची औषधं कायम कुलुपात हवीत आणि किल्ली मोठ्यांच्या खिशात. घरातल्या गोळ्याही तशाच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. घराबाहेर कुणी मुलाला त्रास देत असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

सिव्हिलला किंवा खाजगी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना ती वही सोबत न्या. पाच मिनिटांच्या तोंडी तक्रारीपेक्षा डॉक्टरांना त्यातून जास्त कळतं. नजर काढायची असेल, देवळात न्यायचं असेल तर जरूर न्या, पण डॉक्टरांची तारीख चुकवू नका. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून, किंवा दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून, स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी वाढली किंवा मरणाचे विचार दिसले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.