फिश टँकमधल्या माशांचे फोटो: खोली अंधारी, उजेड वरून

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत फिश टँक बहुधा बाहेरच्या खोलीत, दाराखिडकीसमोर मांडलेला असतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून ते ठीकच आहे, पण फोटो काढायला घेतला की गप्पीच्या शेपटीवर खिडकीचे गज आणि तुमचा पांढरा शर्ट उमटतो. कॅमेरा बदलून हे जात नाही. उजेड कुठून येतो, ते बदलावे लागते.

तयारी आदल्या दिवशीच करा. थोडे पाणी बदला आणि आतले शेवाळ मॅग्नेटच्या ब्रशने काढा, म्हणजे उडालेला गाळ रात्रीत बसतो आणि ताज्या पाण्याचे काचेला चिकटणारे बारीक बुडबुडेही जातात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग बाहेरून व्हिनेगरच्या फडक्याने पुसा. साबण मात्र टँकच्या जवळपासही नको.

फोटोच्या वेळी पडदे ओढा, ट्यूबलाइट आणि टीव्ही बंद करा, गडद शर्ट घाला. कौलारू घरात वर काचेचे कौल असेल तर सरळ रात्रीच बसा. टँकचा दिवा मात्र चालूच ठेवा. माशांना पापण्या नसतात, गडद अंधारात एकदम उजेड पडला की ते दचकून कोपरा धरतात. नियॉन टेट्रा तर अंधारात फिके पडतात. दिवा लावल्यावर त्यांचा निळा पट्टा पुन्हा उजळेपर्यंत थांबा. मागच्या काचेपासून थोडे अंतर सोडून काळे मखमली कापड टांगा. बेळगावच्या खडेबाजारात कुठल्याही कापडाच्या दुकानात ते मिळते.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक माशांची पाठ गडद आणि पोट फिके असते, कारण नदीत, तळ्यात ऊन वरून पडते आणि त्या उजेडात त्यांचे अंग एकसारखे दिसते. म्हणून टँकमध्येही मुख्य उजेड वरूनच हवा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला तर काचेवर पांढरा गोळा येतो आणि मासा चपटा दिसतो.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून टँकच्या झाकणाच्या काचेवर, तोंड खाली करून ठेवा आणि वायरलेस ट्रिगरने (फ्लॅश दुरून पेटवणाऱ्या उपकरणाने) उडवा. उघड्या पाण्यावर तो कधीही टांगू नका. जागा मध्यापेक्षा थोडी पुढे, तुमच्या बाजूला घ्या, नाहीतर माशाची आपल्याकडची कूस काळवंडते. फ्लॅशखाली बटर पेपर लावा, म्हणजे उजेड पसरून मऊ पडतो. टँक खोल असेल तर तळाच्या माशांना उजेड कमी पडतो, कारण अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. तळाशी फिकट वाळू असेल तर पोटावर खालून थोडा उजेड परततो. मला तरी रंगीत खड्यांपेक्षा साधी वाळू केव्हाही बरी वाटते.

कॅमेरा मॅन्युअलवर: शटर १/१६० ते १/२०० सेकंद, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/८ ते एफ/११, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) २०० ते ४००. फ्लॅशची पॉवर पूर्णच्या १/८ पासून सुरू करा. कमी पॉवरवर फ्लॅश अगदी क्षणभरच पेटतो आणि तेवढ्यात हलता मासाही गोठतो. लेन्स काचेला सरळ समोर धरा. तिरकी धरली तर काच आणि पाण्यातून वाकलेल्या किरणांमुळे कडा पुसट होतात. लेन्सला रबरी हूड (पुढची कड) असेल तर तो काचेला हलकेच टेकवा, प्रतिबिंबे तिथेच थांबतात.

एंजल, सिल्व्हर डॉलर अशा चंदेरी माशांच्या अंगात ग्वानिन नावाच्या चमकदार पदार्थाचे स्फटिक असतात आणि ते उजेड थेट परत फेकतात. त्यांच्यासाठी बटर पेपरचा तुकडा मोठा घ्या आणि फ्लॅश थोडा कमी करा. ब्लॅक मोलीला उलट जास्त उजेड लागतो. खवले पांढरेफटक झाले की त्यातले बारकावे मागाहून परत आणता येत नाहीत, म्हणून प्रत्येक दोन-चार फोटोंनंतर मोठे करून बघा.

फोनवाल्यांनी फ्लॅश बंदच ठेवावा. झाकणावर एलईडी दिवा आणि खाली बटर पेपर, एवढे पुरते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि फोटोत आडवे पट्टे येतात. प्रो मोडमध्ये शटर १/१०० ठेवा, नाहीतर बॅटरीवरचा दिवा वापरून बघा. मिरगाच्या पावसात करंट जातो म्हणून चार्जिंगचा दिवा आपल्याकडे घरोघरी असतोच. १/१०० ला पळता मासा पुसट येतो, तेव्हा तो वळताना क्षणभर थबकतो ती वेळ साधा. काचेवर टिचकी मारून त्याला बोलावू नका.

बुडबुडे दिसू नयेत म्हणून एअर पंप आणि फिल्टर दहा मिनिटे बंद ठेवले तर चालते. काम झाल्यावर कॅमेरा ठेवायच्या आधी दोन्ही बटणे चालू करा. गोल्डफिशला ऑक्सिजन जास्त लागतो, त्यांच्या टँकचा पंप शक्यतो बंद करूच नका.