भावनिक लिहिताना या चुका टाळा

निरोपसमारंभाचं मानपत्र, गेलेल्या माणसावरचा लेख, उपचारासाठी मदतीचं आवाहन. तिन्ही ठिकाणी लिहिणाऱ्याच्या मनात खरी कळकळ असते, तरी वाचणारा दोन ओळींत पुढे सरकतो. कळकळ कमी पडलेली नसते. ती कागदावर उतरवताना काही ठरावीक चुका होतात. त्या एकदा ओळखता आल्या की दुरुस्त करता येतात.

चूक पहिली आणि सर्वांत मोठी: भावनेचं नाव घेणं

"अतीव दुःख झालं", "मन हेलावून गेलं", "ऊर भरून आला". ही सगळी लिहिणाऱ्याच्या अवस्थेची वर्णनं आहेत. वाचकाचं मन हेलावेल असं त्यांत काही नसतं, त्यामुळे त्याच्या हाती फक्त निकाल लागतो, प्रसंग लागत नाही. आपल्याकडच्या काव्यशास्त्राने हा दोष फार पूर्वी पकडला होता. अकराव्या शतकातल्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त रसदोष, म्हणजे वाचकाला येणारा भावनेचा आस्वाद बिघडवणाऱ्या चुका, मोजताना सुरुवातच इथून केली आहे: रस किंवा भाव त्याच्या नावानेच सांगून टाकणं हा दोष. 'नाट्यशास्त्र'कार भरताचं जुनं सूत्रही तिकडेच बोट दाखवतं. विभाव म्हणजे भावना जागवणारं कारण आणि अनुभाव म्हणजे वागण्यात, शरीरावर दिसणारी तिची खूण. ही दोन नीट मांडली की भावना वाचकाच्या मनात आपोआप उभी राहते.

शाळेतून निवृत्त होणाऱ्या शिपाईमामांवरचा मजकूर सहसा असा असतो:

"मामा म्हणजे शाळेचा आत्माच! त्यांच्या निवृत्तीने संपूर्ण शाळेवर शोककळा पसरली आहे. त्यांची निःस्वार्थ सेवा, प्रेमळ स्वभाव आणि अथांग माया आम्ही कधीच विसरू शकणार नाही..."

हाच मजकूर असाही लिहिता येतो:

"अकराचा टोल मामा देत. पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं की मात्र अकराला देत नसत. वस्तीवरची पोरं फाटकातून आत येईपर्यंत हातोडी धरून व्हरांड्यात उभे राहत. त्या पोरांच्या हजेरीपुढे कधी उशिराची खूण पडली नाही. सोमवारपासून विजेची घंटा बसते आहे. ती बरोबर अकराला वाजेल."

दुसऱ्या मजकुरात प्रेम, माया, सेवा यांपैकी एकही शब्द नाही. हातोडी, ओढा आणि हजेरी एवढ्यावरच सगळा भार आहे. शेवटचं वाक्य नुसती माहिती देतं, पण आधीची पाच वाक्यं वाचलेल्याला ते टोचतं. तेच वाक्य सुरुवातीला ठेवलं तर त्याचा काहीही परिणाम होणार नाही. म्हणून तपशील कोणता, याइतकंच तो कितव्या ओळीत येतो हेही महत्त्वाचं.

असा तपशील सापडत नसेल तर त्या माणसाबद्दल तीन प्रश्न विचारा. त्याच्या हातात कायम काय असायचं? दुसऱ्यासाठी तो कोणता नियम मोडायचा? आणि तो नसताना उद्या सकाळी नेमकं काय वेगळं होईल? सुचतील ती दहा-बारा उत्तरं लिहून काढा आणि त्यांतली दोन-तीनच ठेवा. दहाही वापरली की मजकुराची यादी होते. शिवाय "सदैव हसतमुख" हे उत्तर कोणालाही लागू पडतं, त्यामुळे ते बाद. फक्त याच माणसाला लागू पडेल तेवढंच ठेवायचं.

तीव्रतेचं माप चुकणं

वरच्या पहिल्या मजकुरात निवृत्तीला 'शोककळा' म्हटलं आहे. माणूस धडधाकट आहे, समोर खुर्चीत बसला आहे आणि आपण त्याच्यावर शोक करतो आहोत. अनौचित्यासारखं, म्हणजे प्रसंगाला न शोभण्यासारखं, रसभंगाचं दुसरं कारण नाही, असं काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने म्हटलं आहे, ते अशाच जागांसाठी. तालुक्याच्या स्पर्धेत दुसरा क्रमांक आला तर "इतिहास घडवला", सोसायटीची टाकी दुरुस्त करून घेणारा "भगीरथ". अशा शब्दांनी वाचकाला आधी संशय येतो, मग तो पुढच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही.

उपाय सोपा आहे. सुचलेला शब्द एक पायरी खाली उतरवून बघा: 'शोककळा'ऐवजी 'चुकल्यासारखं वाटेल', 'अथांग'ऐवजी काहीच नाही. अर्थ टिकला तर खालचा शब्दच ठेवा.

याच्याच जोडीने येणारा दोष म्हणजे एकच भावना पुन्हा पुन्हा पेटवत राहणं. मम्मटाच्या यादीत हाही आहे. प्रत्येक परिच्छेदाचा शेवट रडवणारा असेल तर तिसऱ्या परिच्छेदापासून वाचक सावध होतो. उत्कट जागा एकच ठेवा, साधारण दोन-तृतीयांश मजकूर झाल्यावर. त्याच्या आधी साधी, किंचित हलकीफुलकी माहिती असू द्या. मृत्युलेखातही माणसाच्या खोड्या, हट्ट, चहाची ठरलेली वेळ यायला हरकत नाही. उलट त्यामुळेच माणूस जिवंत होतो आणि त्याचं जाणं लागतं.

'खूपच', 'नक्कीच', 'खरंच' आणि उद्गारचिन्हं

मराठीत 'च' आणि 'ही' ही फार ताकदीची आणि फार स्वस्तात वापरली जाणारी अव्ययं आहेत. "शेवटच्या दिवशीही टोल त्यांनीच दिला" या वाक्यात दोन्ही कामाला आले आहेत. "खूपच छान आणि नक्कीच अविस्मरणीय" यात दोन्ही 'च' वाया गेले. मसुदा झाला की 'खूप', 'अत्यंत', 'अतिशय', 'प्रचंड', 'खरोखर' हे शब्द शोधून काढून टाका. वाक्य लंगडं झालं तरच परत घाला, आणि ते फारसं होत नाही. उद्गारचिन्ह पानभर मजकुरात एक पुरे. ओळीच्या शेवटी तीन टिंबं टाकण्याची सवयही मोडा. ती टिंबं "पुढचं तुम्हीच समजून घ्या" असं सांगतात, आणि पुढचं सांगणं हेच तर लिहिणाऱ्याचं काम आहे.

जोर हवा असेल तर शब्दांची जागा बदला. "तो परत आला नाही" आणि "परत आला नाही तो" यांत एकही शब्द वाढलेला नाही. अर्थात ही युक्ती लेखात एकदा-दोनदाच चालते.

साचा आणि बोली यांची सरमिसळ

'काळाने घाला घातला', 'प्राणज्योत मालवली', 'न भरून येणारी पोकळी', 'शब्द अपुरे पडतात'. निधनाच्या छोट्या सूचनेत असे शब्द चालतात. तिथे कोण गेलं, कधी गेलं, अंत्यविधी कुठे, एवढंच कळायला हवं असतं आणि ठरलेली भाषा ते आदबीने सांगते. आठवणींच्या लेखात मात्र त्यांच्यावरून नजर घसरते, कारण ते शेकडो वेळा वाचलेले असतात. तिथे "आई मंगळवारी पहाटे गेली" हे साधं वाक्य जास्त जड पडतं.

गडबड होते ती दोन्ही भाषा एकत्र आल्यावर. पहिल्या ओळीत "मातोश्रींचं पार्थिव", चौथ्या ओळीत "आई भाकऱ्या थापताना गाणं म्हणायची". वाचकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. मानपत्र संस्थेच्या नावाने असेल तर तत्सम शब्दांची औपचारिक भाषा शेवटपर्यंत ठेवा. लेख घरच्या माणसाचा असेल तर घरात ज्या नावाने हाक मारत होतात तेच नाव लिहा.

कार्यालयी क्रियापदंही अशीच मारक. "त्यांना निरोप देण्यात आला", "अश्रुपूर्ण नयनांनी श्रद्धांजली अर्पण करण्यात आली". कोणी दिला, कोणी वाहिली? कर्ता गायब झाला की भावना कोणाची हेच कळत नाही. "सातवीच्या मुलींनी हार स्वतः गुंफला" असं करणाऱ्याला वाक्यात आणा.

मदतीच्या आवाहनातल्या चुका

इथे आकडे आणि भावना यांचा तोल सर्वांत जास्त बिघडतो. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींना पाच डॉलर देऊन त्यांतून हवी तेवढी देणगी द्यायला सांगितलं होतं. आफ्रिकेतल्या उपासमारीची लाखांतली आकडेवारी वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. रोकिया या मालीमधल्या सात वर्षांच्या एका मुलीबद्दल वाचणाऱ्यांनी २.३८ डॉलर दिले. मुलीच्या माहितीला आकडेवारीची जोड दिली तेव्हा रक्कम १.४३ वर घसरली. म्हणजे एका रुग्णासाठी लिहिताना "देशात दरवर्षी इतक्या मुलांना हा आजार होतो" ही भर मदत वाढवत नाही, ती एका मुलावरचं लक्ष पांगवते.

याचा अर्थ हिशोबाचे आकडे गाळा असा मात्र नाही. रुग्णालयाने दिलेला खर्चाचा अंदाज, आतापर्यंत जमलेली रक्कम, उरलेली रक्कम, शस्त्रक्रियेची तारीख, खातं कोणाच्या नावावर आहे आणि चौकशीसाठी कोणाला फोन करायचा, हे सगळं लागतंच. पण ते वेगळ्या परिच्छेदात. आधी माणसाबद्दल चार वाक्यं: वय, काय करतो, आजाराने कोणतं रोजचं काम थांबलं, उपचारानंतर डॉक्टरांना काय अपेक्षित आहे. मग हिशोब. दोन्ही एकमेकांत कालवले की वाचणाऱ्याला ना माणूस दिसतो, ना रक्कम.

"हे वाचूनही पुढे पाठवलं नाही तर माणुसकी मेली" असली वाक्यं पहिल्यांदा काढा. ती देणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतात. शिवाय लाइक, शेअर किंवा टॅग करायला भाग पाडणाऱ्या पोस्ट फीडमध्ये खाली ढकलण्याचं धोरण फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केलं. हरवलेल्या माणसाचा शोध आणि निधीसंकलन यांसाठीची साधी विनंती त्यातून वगळली होती, म्हणजे दमदाटी न करता मागितलेली मदत तिथेही चालते. मथळ्याचंही तसंच: "डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहणार नाही" हे वचन मजकूर पाळू शकत नाही. त्यापेक्षा मथळ्यात माणूस आणि गरज लिहा.

जिथे हात आखडता घ्यायचा

आत्महत्येबद्दल लिहिताना भावनिक भाषा धोक्याची ठरते. भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पद्धतीचं वर्णन, जागेचे तपशील, सनसनाटी मथळा, छायाचित्र हे टाळायचं असतं. "अखेर वेदनांतून सुटला" असं वाक्य तर लिहूच नका. ते त्या कृतीला उत्तर म्हणून मांडतं आणि खचलेला वाचक तसंच वाचतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि बालकांसाठी पॉक्सोचं, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २३ आहे. गाव, शाळा, आईवडिलांचा व्यवसाय एकत्र लिहिला की नाव न घेताही ओळख पटते, हे विसरलं जातं.

पाठवण्याआधी

मजकूर एक रात्र ठेवा आणि सकाळी मोठ्याने वाचा. सलग तीन वाक्यं 'होते'वर संपत असतील तर एखादं 'असत', 'यायचे' किंवा क्रियापदाशिवायचं करा. जिथे वाचताना स्वतःलाच अवघडल्यासारखं होतं, ती ओळ जवळपास नेहमी भावनेचं नाव घेणारी निघते.

मग शुद्धलेखन, कारण अशा मजकुरात नेमके भावनेचेच शब्द चुकतात. 'हृदय'मधल्या ह ला ऋकार आहे, तिथे ह ला र जोडून 'ह्रदय' होत नाही. 'दुःख'मध्ये विसर्ग हवा, फोनवर बहुतेकदा त्याच्या जागी अपूर्णविराम (:) टाइप होतो. 'श्रद्धांजली'त द ला ध जोडलेला आहे, 'सहानुभूती'त नु आहे. आणि आभाराच्या ओळीत 'कृतज्ञ' लिहिलं आहे ना, हे दोनदा बघा. 'कृतघ्न' म्हणजे उपकार विसरणारा, आणि मानपत्र एकदा फ्रेम झालं की खोडता येत नाही.

शेवटी मजकूर त्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना दाखवा आणि एवढंच विचारा: यातलं काय छापलेलं तुम्हाला चालणार नाही? ते सांगतील ते कारण न विचारता काढून टाका.