टॉकबॅक नीट लावून घेताना

अँड्रॉइड फोनवरचा टॉकबॅक हा स्क्रीन रीडर, म्हणजे न दिसणाऱ्यांसाठी स्क्रीनवरचे सगळे बोलून दाखवणारी सोय, चालू होताच स्पर्शाचे सगळे नियम बदलतात. बोट टेकवले की त्याखाली काय आहे ते ऐकू येते, पण ते उघडत नाही. उघडण्यासाठी स्क्रीनवर कुठेही लागोपाठ दोनदा टॅप करावे लागते. हे आधी ठाऊक नसलेल्या माणसाला फोन बिघडला असेच वाटते. म्हणून टॉकबॅक चालू करण्याआधी तो बंद करण्याची सोय करून ठेवावी. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटी विभागात टॉकबॅक उघडावा आणि त्याच्या शॉर्टकटसाठी आवाज कमी-जास्त करण्याची दोन्ही बटणे निवडावीत. ही बटणे एकत्र सुमारे ३ सेकंद दाबून धरली की टॉकबॅक चालू होतो आणि पुन्हा तसेच केले की बंद होतो.

दुसरी तयारी आवाजाची. याच विभागात मजकूर बोलून दाखवण्याची सेटिंग्ज असतात. तेथे मराठी निवडून मराठी आवाजाची फाइल फोनमध्ये उतरवून घ्यावी, म्हणजे इंटरनेट नसतानाही वाचन थांबत नाही. आवाज इंग्रजीच राहिला, तर देवनागरीतला संदेश समोर आल्यावर फोन काही वेळा गप्प बसतो आणि ऐकणाऱ्याला तेथे मजकूर आहे हेच कळत नाही.

बोलण्याचा वेग मात्र ज्याचा फोन आहे त्यानेच ठरवावा. डोळस मदतनीस बहुधा स्वतःच्या कानाला बरा वाटेल तो वेग ठेवून मोकळा होतो, आणि मला हे अजिबात पटत नाही. सरावलेली व्यक्ती ज्या वेगाने सहज ऐकते, तो वेग नवख्याला नुसता गोंगाट वाटतो. उलट फार संथ आवाजाने सरावलेल्याचा जीव मेटाकुटीला येतो. सुरुवातीला वेग कमी ठेवावा आणि कान रुळेल तसा थोडा थोडा वाढवावा. बोलणे मध्येच थांबवायचे असेल तर दोन बोटांनी एकदा टॅप करावे, आणि टॉकबॅकचा आवाज लहान-मोठा करायचा असेल तर तो बोलत असतानाच आवाजाचे बटण दाबावे.

आता सराव. एक बोट उजवीकडे झटकले की पुढच्या घटकावर जाता येते, डावीकडे झटकले की मागच्या. यादी सरकवण्यासाठी दोन बोटे लागतात; एका बोटाने ती सरकत नाही, आणि पहिल्या दिवशी बहुतेक सगळे येथेच अडतात. बोट न उचलता खाली आणि लगेच डावीकडे नेले की आधीच्या स्क्रीनवर परत जाता येते, तर वर आणि मग डावीकडे नेले की होम स्क्रीन येते. संदेशात आलेला ओटीपी एका दमात वाचला गेला तर तो लक्षात राहत नाही. अशा वेळी तीन बोटे वर किंवा खाली सरकवत ‘अक्षरे’ हा पर्याय ऐकू येईपर्यंत जावे आणि मग एक बोट खाली झटकत एकेक आकडा ऐकावा.

टाइप करताना बोट कीबोर्डवर टेकवून हळूहळू फिरवावे. ‘क’ हवा असेल तर तो ऐकू येईपर्यंत बोट उचलू नये, कारण अनेक कीबोर्डवर बोट उचलताच ते अक्षर उमटते. कोणाला ही पद्धत घाईची वाटत असेल, तर दोनदा टॅप केल्यावरच अक्षर उमटावे असा पर्याय टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्ये निवडता येतो.

लॉकसाठी पॅटर्नपेक्षा पिन किंवा बोटाचा ठसा सोयीचा. चारचौघांत पिन टाकताना इअरफोन लावावा.

काही ॲपमधल्या बटणांना बनवणाऱ्याने नावच दिलेले नसते, त्यामुळे टॉकबॅक तेथे नुसते ‘बटण’ असे काहीतरी बोलतो. ते बटण कशाचे आहे हे एकदा कोणाकडून तरी समजून घ्यावे, त्यावर असतानाच तीन बोटांनी टॅप करून टॉकबॅकचा मेनू उघडावा आणि लेबल देण्याचा पर्याय असल्यास ‘पाठवा’, ‘शोधा’ असे आपले नाव लिहून ठेवावे. पुढच्या वेळी त्या बटणावर बोट आले की तेच नाव ऐकू येते.