‘पोरं नेटवर काय करतात?’ असं साहेबांनी विचारलं तर

नेटवर्किंगचा कोर्स करून नुकतंच कामाला लागलेल्यांकडे एक काम हमखास येतं. पंधरा-वीस माणसांचं ऑफिस, एक ब्रॉडबँड लाइन, एक राउटर, आणि मालक म्हणतात, “पोरं दिवसभर नेटवर काय करतात ते मला दिसलं पाहिजे.” मी नाशिक-पुणे पट्ट्यातल्या अशाच लहान ऑफिसांची नेटवर्कं सांभाळतो: सीए, ट्रान्सपोर्टवाले, एमआयडीसीतले जॉबवर्क करणारे. हे वाक्य ऐकल्या ऐकल्या सॉफ्टवेअर शोधायला बसू नका. आधी विचारा, “साहेब, नेमकं काय खटकतंय?” उत्तर बहुतेक वेळा तीनपैकी एक असतं. नेट स्लो आहे, ऑफिसची माहिती बाहेर जाईल अशी भीती आहे, किंवा पोरं टाइमपास करतात असा संशय आहे. पहिल्याचं उत्तर नेटवर्क चोख देतं, दुसऱ्याचं अर्धंमुर्धं. तिसऱ्याचं जवळजवळ देतच नाही, आणि मालकांना मनातून हवं असतं ते तेच.

नेट स्लो असण्याचं एक उदाहरण सांगतो. एका सीए ऑफिसात दर महिन्याच्या २० तारखेला, म्हणजे जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी, पोर्टल उघडेना. साहेबांचा संशय आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए होण्यासाठी तिथे काम शिकणाऱ्या पोरांवर: यूट्यूब बघत असणार. राउटर मायक्रोटिक कंपनीचा होता. त्यात टॉर्च नावाचं साधन असतं. या क्षणी कुठला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता, किती डेटा ओढतोय आणि किती ढकलतोय ते त्यात समोर दिसतं. ते उघडलं तर डाउनलोड निवांत आणि अपलोड काठोकाठ भरलेली. डीएचसीपीच्या यादीत, म्हणजे राउटरने कुठल्या मशीनला कुठला आयपी दिला त्या यादीत, तो आयपी कुणाचा ते पाहिलं, तर अकाउंट्सचं मशीन. टॅलीचा बॅकअप दर तासाला गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये पडत होता आणि दर वेळी अख्खी फाइल नव्याने वर चढत होती. अपलोड अशी तुंबली की डाउनलोडही रेंगाळते, कारण आलेल्या डेटाची पोच परत पाठवायलाच जागा उरत नाही. बॅकअपची वेळ रात्रीवर नेली आणि तक्रार संपली. पोरांचा त्यात काडीचा संबंध नव्हता. म्हणून नव्या माणसाला माझा आग्रह असतो की, माणसांची नावं निघण्याआधी मशीनं तपासा. विंडोज अपडेट, वायफायवर चढणारे फोनमधले फोटो, क्लाउडवर चित्रण टाकणारा सीसीटीव्ही, हे नेहमीचे गिऱ्हाईक आहेत.

आता टाइमपासचा प्रश्न. समजा तुम्ही स्क्विड प्रॉक्सी बसवलात, म्हणजे सगळ्यांची वेबची ये-जा ज्यातून होते असं मधलं सॉफ्टवेअर. पोर्ट ३१२८, रोजचा लॉग म्हणजे नोंदींची फाइल, वर सार्गसारखं रिपोर्ट काढणारं साधन. रिपोर्टमध्ये अमुक मशीनवर व्हॉट्सॲप वेब आठ तास असं दिसलं, तर तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवण्याआधी मूळ ओळ उघडून वाचा. पहिल्या रकान्यात दहा आकडी संख्या असते, म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. दुसऱ्यात जोडणी किती मिलिसेकंद चालली ते. पुढे आयपी, निकाल, बाइट्स, आणि मग कनेक्ट हा शब्द नि साइटचं नाव. ही ओळ जोडणी बंद झाल्यावर पडते. सकाळी दहाला टॅब उघडून कुणी मान मोडून काम करत बसलं, तरी संध्याकाळी टॅब मिटताना आठ तासांची एक ओळ लॉगमध्ये येणार. माणूस त्या टॅबकडे बघत होता की टॅलीकडे, हे त्या ओळीत कुठेच नाही. बातम्यांची पानं उघडी राहिली तर स्वतःच ताजी होत राहतात. लॉगला वाटतं कुणीतरी वाचतंय. अशा आकड्यांवर कुणाची पगारवाढ अडली तर तो अन्याय आहे, आणि त्यात आपलाही हात असतो. हे मी प्रत्येक मालकाला पहिल्याच बैठकीत सांगतो.

दिसतं किती, हेही तेव्हाच सांगून टाका. आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मधल्याला वाचता न येणाऱ्या कुलूपबंद जोडणीवर चालतात, त्यामुळे प्रॉक्सीला साइटचं नाव कळतं, पान कळत नाही. यूट्यूबवर जीएसटीचं व्याख्यान चालू होतं की क्रिकेट, हे लॉगवरून ठरत नाही. प्रत्येक मशीनमध्ये आपलं प्रमाणपत्र घालून एचटीटीपीएस मधेच उघडण्याची सोय स्क्विडमध्ये आहे. लहान ऑफिसात ती वापरू नका. तसं केलं की कर्मचाऱ्यांचे बँकेचे पासवर्ड, दवाखान्याचे रिपोर्ट सगळं तुमच्या त्या एका डब्यातून उघडं जातं, आणि तो डबा फुटला तर सावरायची ताकद लहान ऑफिसात नसते.

माहिती बाहेर जाण्याच्या भीतीबद्दल थोडक्यात. स्क्विडच्या मूळ लॉगमधला बाइट्सचा रकाना मशीनकडे आलेल्या डेटाचा असतो. बाहेर किती गेला ते हवं असेल तर लॉगची रचना बदलावी लागते, किंवा राउटरवरून नेटफ्लो, म्हणजे कुठून कुठे किती डेटा गेला याची नोंद, घ्यावा लागतो. आणि पेनड्राइव्हवरून गेलेली फाइल नेटवर्कला दिसतच नाही. साहेबांना ही खरी काळजी असेल तर सामायिक फोल्डरच्या परवानग्या आधी आवळा.

बसवण्यातल्या काही गोष्टी अनुभवाने कळतात. ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला स्वतःचा खरा मॅक ॲड्रेस (नेटवर्क हार्डवेअरचा ओळख क्रमांक) आपणहून देत नाहीत, म्हणून मॅकवरून फोन ओळखायच्या नादी न लागता फोनसाठी वेगळं वायफाय ठेवा आणि त्याचा वेग बांधून टाका. राउटरवर यूडीपी ४४३ हा पोर्ट बंद केला नाही तर क्रोम ब्राउझर प्रॉक्सीला वळसा घालून जाऊ शकतो. घड्याळ सगळ्यात आधी लावा. बऱ्याच स्वस्त राउटरना घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली-आली की वेळ चुकते आणि सगळा लॉग कुचकामी ठरतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात घड्याळ जुळवून घ्यायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे.

आता कायदा आणि माणुसकी. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी माहिती वापरायला वाव आहे. त्याचा अर्थ चोरून वाचायला मुभा असा मात्र घेऊ नये. युरोपातला बर्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया हा खटला नव्या माणसाने जरूर समजून घ्यावा. कामासाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवर घरच्यांशी बोलला म्हणून कंपनीने एका इंजिनिअरला २००७ मध्ये काढलं. खासगी वापराला कंपनीत बंदी होती, पण संदेश वाचले जातील हे त्याला आधी सांगितलं नव्हतं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ५ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच्या बाजूने निकाल दिला. तो आपल्याकडे बंधनकारक नाही, पण आधी सांगितलं होतं का, किती खोलवर पाहिलं, याहून सौम्य मार्ग नव्हता का, हे प्रश्न आपल्या ऑफिसातही लागू पडतात.

म्हणून लॉग चालू करण्याआधी एक पानी सूचना मराठीत लिहून घ्या: काय नोंदलं जातं, काय नाही, किती दिवस ठेवलं जातं, कोण पाहू शकतं. सगळ्यांच्या सह्या घ्या. रिपोर्टमध्ये नावं न देता साइटचे प्रकार आणि एकूण डेटा द्या.

कधीतरी फोन येणारच: “त्या अमक्या मुलीचा महिन्याभराचा लॉग दे जरा, बाकी कुणाला बोलू नकोस.” तिने राजीनामा दिलेला असतो, किंवा वाद झालेला असतो. अशा वेळी शांतपणे म्हणा, “साहेब, कारण लिहून मेल करा, दुसऱ्या भागीदारांना सीसी ठेवा, मग काढतो.” माझ्या अनुभवात बहुतेकदा तो मेल येत नाही. आला, तर मागितलं तेवढंच द्या आणि कुणी, कधी, कशासाठी मागितलं ते वहीत लिहून ठेवा.

सराव करायचा तर घरच्या जुन्या कॉम्प्युटरला दुसरं लॅनकार्ड लावा, पीएफसेन्स हे फायरवॉल-राउटरचं सॉफ्टवेअर टाका आणि फक्त स्वतःचा फोन त्यामागे जोडा. फोन टेबलावर पडून असताना रात्रभर तो कुठे कुठे बोलतो ते सकाळी लॉगमध्ये वाचा, आणि तुम्ही झोपेत असताना उमटलेल्या त्या ओळींपैकी कुठली कशामुळे आली ते एकेक करून शोधा.